दिवेआगर ते श्रीवर्धन, समुद्र उजव्या हाताला

त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवरून अरबी समुद्र सरळ रेषेत शंभर किलोमीटरही नाही. पण गोदावरीने त्याच्याकडे पाठ केली आणि १,४६५ किलोमीटर चालून बंगालचा उपसागर गाठला. नाशिककरांचंही तसंच. अंजनेरी, हरिहर, साल्हेर पायाखालचे; समुद्रावर मात्र जायचं ते गाडीतून, मासे खायला. त्यामुळे डोंगरात मुरलेला गट पहिल्यांदा किनारा चालायला निघतो तेव्हा डोंगराचेच हिशेब सोबत नेतो, आणि तिथेच चुकतं. डोंगरावर घड्याळ सूर्याचं असतं, उजेड आहे तोवर खाली या. किनाऱ्यावर घड्याळ पाण्याचं. सकाळी दहाला जिथून बूट कोरडे ठेवून गेलात तिथे दुपारी तीनला पुरुषभर पाणी असतं, आणि उजेड तेव्हाही लख्ख असतो.

बेत शुक्रवार ते रविवारचा. चाल फक्त मधल्या दिवशी, चतुर्थीला: रायगड जिल्ह्यातल्या दिवेआगरहून भरडखोल, शेखाडी, कोंडिवली, आरावी करत श्रीवर्धन. सगळं मिळून वीस-बावीस किलोमीटर. तिसऱ्या दिवशी हरिहरेश्वरची प्रदक्षिणा आणि परत.

निघण्याआधी: तारीख पंचांगातून

सुट्टी बघून तारीख ठरवायची नाही. तिथी बघायची आणि मग रजा टाकायची.

कोकणातला जुना हिशेब तिथीच्या पाऊणपटीचा. तिथीचा आकडा घ्या, तीनने गुणा, चारने भागा. येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार, तीन. म्हणजे पहाटे तीनला एक भरती, दुपारी साडेतीनच्या आत-बाहेर दुसरी, आणि मध्ये सव्वानऊच्या सुमारास पूर्ण ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरायचे. या किनाऱ्यावर प्रत्यक्ष पाणी या हिशेबाच्या अर्धा ते एक तास मागे असतं, म्हणून चतुर्थीची ओहोटी पावणेदहा धरा. दर दिवशी वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते.

आता मोबाइलवर भरतीचं अ‍ॅप असताना हे कशाला? कारण अ‍ॅप नाशिकमध्ये बसून उघडलं की ते आपल्याला जवळचं वाटेल ते बंदर परस्पर निवडतं, कधी डहाणू तर कधी गुजरातेतलं. तिथली वेळही वेगळी आणि पाण्याची उंचीही. पाऊणपटीचा हिशेब तोंडी करून बघितला की ही चूक लगेच पकडता येते.

चतुर्थीच का, तेही सांगायला हवं. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी सगळ्यात जास्त मागे जातं. पण ते पहाटे आणि संध्याकाळी. चालायच्या वेळेला भर दुपारी पुळणच, म्हणजे किनाऱ्याची वाळूच, शिल्लक राहत नाही. अष्टमीला ओहोटी बरोबर दुपारी येते, पण तेव्हा भांगाची भरती-ओहोटी. पाणी फार चढत नाही तसं उतरतही नाही, आणि जे खडक उघडे पडायला हवेत ते अर्धे बुडालेलेच राहतात. वर डोक्यावर ऊन. तृतीया ते पंचमी या तीन तिथी मधल्या: ओहोटी सकाळी, उधाणाचा जोरही पुरता ओसरलेला नसतो.

कृष्ण पक्षातली चतुर्थी घेतली तर ती संकष्टी, हे विसरू नका. चौदा जणांच्या गटात तीन-चार जणांचा उपास निघतोच, आणि वीस किलोमीटर दमट हवेत चालून चंद्रोदयापर्यंत, म्हणजे रात्री नऊपर्यंत, निव्वळ चहावर राहणं हा वेडेपणा आहे. साबुदाण्याची खिचडी, राजगिऱ्याचे लाडू, केळी आणि मीठ-साखरेचं पाणी असं आधीच ठरवून ठेवावं. माघ शुद्ध चतुर्थी मात्र टाळाच. गणेशजयंतीला दिवेआगरात पाय ठेवायला जागा नसते.

हंगाम मध्य नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चपासून उकाडा असह्य होतो, जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला. निघायच्या आदल्या दिवशी हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा लाटांचा इशारा बघावा. दूरवरच्या वादळाने उठलेल्या लाटा इथे आभाळ स्वच्छ असतानाही येतात.

पायात काय घालायचं यावर गटात हमखास वाद होतो. घोट्यावर चढणारे ट्रेकिंगचे बूट वाळू आत घेतात, ती मोज्यात बसते आणि सात-आठ किलोमीटरला टाचेला फोड. सँडल वाळूत उत्तम, पण खडकाला चिकटलेल्या कालवांच्या, म्हणजे शिंपल्यांच्या, धारेने बोटं कापली जातात. जखम दिसते छोटी आणि आठवडाभर चिघळते. आमचं मत जाळीच्या, घोट्याखालच्या, पाणी निथळून जाईल अशा बुटांना. सोबत पातळ मोज्यांचे दोन जोड. निघण्याआधी टाचेला आणि बोटांच्या बेचक्यात व्हॅसलीन, दर तासाला बूट काढून झटकायचे. चुरचुर सुरू झाली की तिथेच थांबून पट्टी लावा. ‘पुढच्या गावात बघू’ म्हणणाऱ्याचा फोड पुढचं गाव येईपर्यंत फुटलेला असतो.

पाणी माणशी चार लिटर: तीन पाठीवर, बाकीचं शेखाडीला गाडीतून. जानेवारीत पहाटे नाशिक सोडताना पारा दहाच्या आसपास असतो, त्याच दुपारी कोकणात तीस. खरा त्रास आकड्यापेक्षा दमटपणाचा. घाम येतो पण वाळत नाही, म्हणजे अंग गार होत नाही, आणि मीठ मात्र जात राहतं. ओआरएसची दोन-दोन पाकिटं प्रत्येकाकडे द्या आणि ती पाकिटावर लिहिलेल्या मापातच कालवायला लावा. लिटरचं पाकीट अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतलं की पाणी खारट होतं, मळमळतं, आणि मग माणूस पाणी पिणंच सोडतो.

खाण्यात चिवडा नको. वाऱ्याने निम्मा उडतो, उरलेला तहान वाढवतो. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ. फेब्रुवारीत आपल्याकडची द्राक्षं न्यावीत, पण स्टीलच्या डब्यात. पिशवीत नेली तर दुपारपर्यंत सॅकमध्येच त्यांचा रस झालेला असतो.

गटात एकाकडे वीस मीटर दोर आणि पाच लिटरचा रिकामा, बूच घट्ट लावलेला कॅन. पाण्यात कोणी ओढला गेला तर मागे उडी मारायची नाही, दोराला कॅन बांधून फेकायचा. कॅन तरंगतो, पकडता येतो, आणि फेकायला वजन यावं म्हणून त्यात चार बोटं पाणी ठेवायचं.

पहिला दिवस: नाशिक ते दिवेआगर

पहाटे पाचला मुंबई नाका. सतरा आसनी गाडीत चौदाच माणसं घ्या, सॅक कुठेतरी जायला हव्यात. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा सुरू झाला, त्यामुळे इगतपुरीच्या जवळजवळ आठ किलोमीटरच्या बोगद्यातून थेट खाली उतरता येतं आणि कसारा घाट टळतो. दुचाकीवाल्यांना तिथे प्रवेश नाही, त्यांनी जुनाच रस्ता धरावा. घाटात वाचवलेली वेळ भिवंडी ते शीळफाटा या पट्ट्यात सव्याज परत जाते. म्हणून पाच म्हणजे पाच, आठच्या आत पनवेल मागे पडलं पाहिजे.

पुढे पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड, माणगाव. पैसे, औषधं, बॅटऱ्या जे राहिलं असेल ते माणगावात घ्यायचं. इथून महामार्ग सोडून म्हसळा, बोर्ली पंचतन आणि दिवेआगर. म्हसळ्याजवळच्या चिरगावात गिधाडांची वस्ती आहे. घिरट्या घालणारं मोठं, आखूड शेपटीचं काही दिसलं तर गाडी थांबवण्याइतकं ते मोलाचं आहे. नाशिकपासून एकूण अंतर तीनशे किलोमीटरच्या थोडं वर, थांबे धरून आठ-नऊ तास. ज्यांना रेल्वेने यायचंय त्यांच्यासाठी जवळचं स्टेशन माणगाव. पुण्यावरून ताम्हिणीने येता येतं, पण नाशिककराला तो उगाच वळसा.

दोन-अडीचला पोहोचलं की जेवून आडवं व्हायचा मोह होतो. तो टाळून तीनच्या सुमारास सगळ्यांनी पुळणीवर जायचं. त्या दिवशी तृतीया, म्हणजे पाणी बरोबर वर आलेलं. उद्या जिथून चालायचं ती जागा आज पाण्याखाली बघून ठेवणं हे कुठल्याही सूचनेपेक्षा डोक्यात पक्कं बसतं. लाटांनी आणून टाकलेल्या कचऱ्याच्या दोन रेघा दिसतात. खालची ओली, आजच्या भरतीची. वरची, बरीच आत सुरूच्या झाडांकडे, नारळाची सोडणं, थर्माकोल, बाटल्या, तुटक्या जाळ्या यांची, वाळलेली: ती उधाणाची. बसणं, जेवण, सॅक ठेवणं, सगळं या वरच्या रेघेच्या आत.

गावात हिंडायला तास-दीड तास पुरतो. १९९७ मध्ये एका वाडीत सोन्याचा गणपतीचा मुखवटा सापडला आणि दिवेआगर सगळ्यांना माहीत झालं. पण मराठी वाचणाऱ्याला गावाचं अप्रूप वाटावं ते ताम्रपटासाठी. शके ९८२ चा, म्हणजे १०६० सालचा हा ताम्रपट मराठीतल्या अगदी सुरुवातीच्या लेखांपैकी आहे. रूपनारायणाचं देऊळ बघा. वाड्यांतून जाताना मध्येच उघडी, उन्हाने भाजलेली जागा लागते किंवा एकाच उंचीची कोवळी सुपारी दिसते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने या भागातली झाडं मुळासकट काढली, त्याच्या या खुणा. सुपारी धरायला वर्षं लागतात, त्यामुळे त्या वादळाचा हिशेब वाड्यांमधून अजून मिटलेला नाही.

उतरायला घरगुती खोल्या भरपूर आहेत. जेवणाचं आणि विशेषतः मोदकांचं आदल्या दिवशीच फोनवर सांगायला हवं. आयत्या वेळी काकूंकडे मोदक मागू नयेत, चौदा जणांचे तर नाहीतच. पहाटे सहाला चहा आणि काहीतरी पोटभरीचं लागेल, हेही रात्रीच बोलून ठेवा.

झोपण्याआधी चालकाशी बसायचं. शेखाडी दहा वाजता, आरावी साडेबारा, श्रीवर्धन अडीच. हे आणि सगळ्यांचे फोन नंबर कागदावर लिहून त्याच्या हातात द्यावेत. डोंगराच्या सोंडांखाली मोबाइलची रेंज जाते, आणि ‘पोचल्यावर फोन करतो’ हा बेत तिथे बुडतो.

दुसरा दिवस: चाल

साडेसहाला पुळणीवर मोजदाद. सूर्य सातच्या सुमारास उगवतो, पण कृष्ण चतुर्थीचा चंद्र तेव्हा समुद्राच्या अंगाला वर असतो आणि ओल्या वाळूवर बॅटरीशिवाय नीट दिसतं. बॅटरी लावूही नये. नोव्हेंबर ते मार्च हा ऑलिव्ह रिडले कासवांचा अंडी घालण्याचा काळ, आणि उजेडाने मादी पाण्यात परत फिरते. वाळूत ट्रॅक्टरच्या चाकासारखा माग पाण्यापासून वर गेलेला दिसला तर तो ओलांडून पुढे जायचं, वर जाऊन उकरून बघायचं नाही. गावात कासवमित्र असतात, त्यांना कळवावं.

उत्तरेकडून दक्षिणेकडे चालायचं, उलट नाही. सकाळी सूर्य डावीकडे डोंगराआड असतो, साडेआठपर्यंत सावली मिळते. मतलई वारा जमिनीवरून येतो तोवर गारवा. दुपारी खारे वारे सुरू होतात तेव्हा ते वायव्येकडून, म्हणजे पाठीवर. श्रीवर्धनहून निघालात तर तोच वारा वाळू घेऊन तोंडावर. दक्षिणेला जाण्याचा तोटा एकच: दुपारनंतर ऊन समोरून येतं. म्हणून टोपी पुढे झाप असलेली हवी, आणि चाल अडीचला संपलेली बरी.

दिवेआगरची पुळण चारेक किलोमीटर. कुठे चालायचं याला महत्त्व आहे. वरच्या कोरड्या वाळूत ताशी दोन-अडीच किलोमीटर जेमतेम, ओल्या घट्ट पट्ट्यावर साडेचार सहज. पण लाटेच्या अगदी कडेला पुळण उतरती असते, उजवा पाय सतत खाली पडतो आणि तासाभरात कंबर आणि डावा गुडघा बोलायला लागतात. पाणी जसजसं मागे जाईल तसा सपाट भाग उघडा पडतो, त्यावर या.

पाणी कधी गेलं हे खेकडे सांगतात. वाळूत पेन्सिलच्या जाडीची भोकं आणि त्यांच्याभोवती मोहरीएवढ्या ते ज्वारीएवढ्या वाळूच्या गोळ्या, भोकापासून किरणांसारख्या पसरलेल्या. ओणवं होऊन, सावली पडू न देता, दोन मिनिटं थांबलात तर करणारा दिसतो. नखाएवढा खेकडा भोकातून बाहेर येतो, दोन्ही नांग्यांनी आलटूनपालटून वाळू तोंडात भरतो, त्यातलं खाण्याजोगं चोखून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी मागे टाकतो. एक रांग संपली की भोकाशी परत, दुसऱ्या दिशेला दुसरी रांग. भरती आली की सगळं पुसलं जातं आणि ओहोटीला पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे गोळ्यांचं वर्तुळ वीतभर पसरलेलं असेल तर ती जागा बराच वेळ उघडी आहे. भोकाशी पाच-सात गोळ्याच असतील तर पाणी नुकतंच उतरलंय. वाळू चकचकीत आणि गोळी एकही नाही, तर तिथे पाणी आत्ता होतं.

पुळण संपली की डोंगराची सोंड समुद्रात उतरते आणि पहिला खडकाळ टप्पा लागतो. काळा बेसॉल्ट, लाटांनी कापून केलेलं ओबडधोबड जोतं, वर कालवं, खळग्यांत पाणी. इथे वेग ताशी एक-दीड किलोमीटर धरा. पुढे अनुभवी माणूस, शेवटी दुसरा अनुभवी माणूस, मधल्यांनी एकमेकांपासून दोन हात अंतर. पाय कोरड्या, खरखरीत खडकावर टाकायचा. हिरवं शेवाळ तर घसरतंच, पण काळी, ओलसर, तेलकट चमक असलेली जागा त्याहून फसवी. हात टेकायचा तर हातमोजा घालून. घसरताना माणूस कालवांनाच धरतो.

सोंडेला वळसा घालण्याआधी उभ्या कातळाकडे बघायचं. कालवांचा पांढुरका पट्टा किती उंच गेलाय? कालवं भरतीच्या पाण्याखालीच जगतात. पट्टा गुडघ्याला संपत असेल तर तुम्ही बऱ्यापैकी वर आहात. तो डोक्याच्या वर गेला असेल, आणि या किनाऱ्यावर बऱ्याच ठिकाणी जातो, तर तुम्ही जिथे उभे आहात तो दुपारी समुद्राचा तळ आहे. अशा जागी फोटोला थांबायचं नाही. वळसा पलीकडे कुठे संपतो हे दिसत नसेल, किंवा ओहोटीला तासाहून जास्त वेळ होऊन गेला असेल, तर सरळ डावीकडे चढून रस्त्यावर यायचं. या चालीचं मोठं सुख हेच की किनाऱ्याचा डांबरी रस्ता कायम डाव्या हाताला, वर असतो. डोंगरी गटाला रस्त्याने जाणं कमीपणाचं वाटतं आणि अपघात त्यातूनच होतात.

भरडखोल कोळ्यांचं गाव. किनाऱ्यावर होड्या, वाळत घातलेली सुकट, जाळी विणत बसलेली माणसं. जाळ्यावर पाय द्यायचा नाही, ते ओलांडूनही जाऊ नये, वळसा घ्या. फोटो विचारून. एक गोष्ट सहसा कोणी लिहीत नाही: गावाजवळची शेवटची दोनशे मीटर खाली बघून चालावी लागतात. कुत्री पाठीमागे लागली तर काठी उगारू नका, एकत्र होऊन सावकाश चाला.

शेखाडी. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांसाठीची स्फोटकं ज्या ठिकाणी उतरवली गेली त्यातलं हे एक. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला रायफली असलेली बेवारस बोट लागली होती. त्यामुळे भल्या सकाळी पाठीवर सॅक घेतलेले चौदा अनोळखी लोक समुद्राकडून आले की इथली माणसं विचारतातच, आणि विचारायलाच हवं. आधारकार्ड वरच्या कप्प्यात ठेवा, कुठून आलात, कुठे चाललात ते नीट सांगा. ड्रोन घरी.

इथे रस्ता आणि समुद्र अगदी लगत. गाडी थांबलेली, पाणी भरून घ्यायचं, मोजे बदलायचे. ज्याचा पाय, पोट किंवा डोकं कुरकुरतंय त्याने इथेच गाडीत बसावं. दहाला हा निर्णय सोपा असतो. सव्वादहानंतर पाणी उलटायला लागतं आणि एका लंगडणाऱ्यामागे सगळे अडकतात.

भरती एका गतीने चढत नाही. सहा तासांतल्या पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, मग दोन, मग एक. पाणी तीन मीटर चढणार असेल तर पहिल्या तासात वीतभर, आणि तिसऱ्या-चौथ्या तासात मिळून दीड मीटर. गट गाफील राहतो तो पहिल्या तासाच्या वीतभर पाण्यामुळे. पावणेदहाची ओहोटी धरली तर पावणेबारा ते पावणेदोन हा जोराचा काळ. म्हणून नियम असा की बाराला शेवटचा खडक मागे पडलेला असावा. त्यानंतर फक्त पुळण किंवा रस्ता.

शेखाडीपासून कोंडिवलीकडे जाणारा टप्पा या चालीतला सगळ्यात देखणा, आणि घाई इथेच करावी लागते हे दुर्दैव. वाटेत ओढ्यांची तोंडं लागतात. अरुंद जागा बघून उडी मारायचा मोह होतो. पण अरुंद तिथे खोल आणि ओढ जास्त. समुद्राच्या बाजूला सरकून पाणी पसरट झालंय तिथून जावं, गुडघ्याच्या खाली असेल तरच. सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडून ठेवायचा. गाळात पाय रुतला तर ओढून बूट तिथेच राहतो. टाच आधी वर काढा, मग पाऊल.

उथळ पाण्यात चालताना पाय उचलून टाकण्यापेक्षा घासत न्यावा. वाळूत बसलेली पाखट (स्टिंग रे मासा) धक्का लागला की निघून जाते, पाय वर पडला तर शेपटीचा काटा मारते. तसं झालं तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा आणि दवाखाना गाठायचा. गाडीत गरम पाण्याचा थर्मास असतो तो निव्वळ चहासाठी नाही. जेलीफिश लागला तर समुद्राच्याच पाण्याने धुवायचं, गोड्या पाण्याने नाही, चोळायचं तर मुळीच नाही. टाकून दिलेल्या जाळ्यात साप दिसला तर तो मेलेला समजू नका. समुद्रसाप जहाल विषारी असतात.

आरावीला साडेबारा. सुरूच्या सावलीत जेवण, किमान पाऊण तास. जेवणाआधी एकेकाकडे बघून घ्यायचं. गप्प झालेला, घाम थांबलेला, डोकं दुखतंय म्हणणारा माणूस असेल तर त्याची चाल संपली: सावली, ओलं फडकं, घोट-घोट पाणी. बरळायला लागला किंवा उलट्या थांबेनात तर वाट न बघता श्रीवर्धनच्या सरकारी रुग्णालयात.

आरावीच्या पुळणीवर पाण्यात उतरायची हौस सगळ्यांना येते. घोट्यापर्यंत ठीक. लाटांच्या रांगेत मध्येच सपाट, गढूळ पट्टा दिसतो, तिथे लाट फुटत नाही म्हणून ती जागा शांत वाटते. पाणी तिथूनच आत परतत असतं. त्या ओढीत सापडलं तर किनाऱ्याकडे झगडायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला यायचं आणि मग लाटेबरोबर बाहेर.

दीडनंतरचा भाग कंटाळवाणा, ते कबूल करावं. ओली घट्ट वाळू पाण्याखाली गेलेली, वरची कोरडी वाळू पाय खाते. आम्ही शेवटचा पट्टा रस्त्यानेच घेतो आणि श्रीवर्धनच्या तीन किलोमीटरच्या पुळणीवर संध्याकाळी मोकळ्या पायांनी जातो.

श्रीवर्धन हे बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचं मूळ गाव. त्र्यंबकेश्वराचं आजचं देऊळ ज्यांनी उभारलं ते नानासाहेब त्यांचे नातू, त्यामुळे नाशिककराला इथे अगदीच परकं वाटायचं कारण नाही. बाजारात श्रीवर्धनी रोठा सुपारी घ्या, घरच्या मोठ्यांना कळते. उपासवाल्यांनी नऊला चंद्र बघून सोडावा; तो डोंगराच्या बाजूने उगवतो, समुद्राकडे बघत बसू नये.

तिसरा दिवस: हरिहरेश्वर आणि परत

पंचमी. ओहोटी साडेदहाच्या सुमारास. श्रीवर्धनहून हरिहरेश्वर गाडीने अर्धा-पाऊण तास. साडेआठला पोहोचून आधी काळभैरवाचं दर्शन, मग हरिहरेश्वर, पुन्हा काळभैरव, हा इथला क्रम. प्रदक्षिणेला साडेनऊच्या आधी उतरायचं कारण नाही आणि साडेअकरानंतर खाली राहायचं नाही.

देवळामागून पायऱ्या चढून वर, आणि मग दोन कातळांच्या चिरेतून उभ्या पायऱ्या थेट समुद्राशी. खाली कड्याच्या पायथ्याला लाटांनी तासलेला खडकाचा ओटा, त्यावरून डोंगराला वळसा. कड्याचा दगड मधाच्या पोळ्यासारखा भोकाभोकांचा. खाऱ्या पाण्याचे तुषार दगडात मुरतात, वाळताना मिठाचे स्फटिक फुगतात आणि कण सुटतात; एकदा खळगा झाला की त्यात ओल टिकते आणि तो आणखी खोल जातो. बोट घालून बघा, आतला कण बोटाला लागतो.

इथे माणसं वाहून गेली आहेत, आणि फलक उगीच लावलेले नाहीत. पायऱ्यांच्या तळाशी दहा मिनिटं नुसतं उभं राहायचं. लाटा एकसारख्या येत नाहीत; बऱ्याच लहान लाटांनंतर दोन-तीन मोठ्या येतात, आणि दहा मिनिटांत एखादी तरी तशी दिसते. ती कुठवर चढली ते बघा. खडक ओला आहे तिथवर पाणी येतं, कोरड्यावरूनच चालायचं. एकेकाने, कड्याच्या अंगाने. समुद्राकडे पाठ करून फोटो नाही, आणि दहा मिनिटांत एकदाही लाट ओट्यावरून वाहून गेली तर प्रदक्षिणा नाही. देव रागवत नाही. पावसाळ्यात तर विचारच नको.

वर आलं की समोर सावित्रीचं मुख आणि पलीकडे बाणकोटचा किल्ला. तो पुढच्या खेपेला.

जेवण लवकर, साडेबारापर्यंत निघायचं. रविवारी दुपारनंतर कोकणातून परतणारी सगळी वाहनं माणगाव-इंदापूरच्या अरुंद भागात तुंबतात, आणि तीनला निघालेली गाडी आणि साडेबाराला निघालेली गाडी यांच्यात नाशिकला पोहोचताना चार तासांचाही फरक पडतो. पनवेल संध्याकाळच्या आत सुटलं तर जेवायला घरी.

रात्री कितीही उशीर झाला तरी ट्रेकिंगच्या काठ्या तशाच ठेवू नका. तिन्ही भाग सुटे करून गोड्या पाण्याखाली धुवायचे आणि सुटेच वाळत ठेवायचे. आत मीठ आणि वाळू राहिली की अ‍ॅल्युमिनियम धरतं, आणि मग पुढच्या ट्रेकला दोघांनी दोन टोकं ओढूनही काठी उघडत नाही. सॅकच्या चेन, बुटांचे हूक, चष्म्याचे स्क्रू यांनाही तेच. बूट उन्हात नको, सावलीत, आत वर्तमानपत्राचे बोळे घालून. दोन दिवसांनी बोळे काढले की प्रत्येकातून मूठभर वाळू पडतेच.